पाटण्याचे मणी, बार्बाडोसचं प्रवाळ आणि समुद्राची जुनी पातळी

तापीकाठ (जळगाव)

चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत हे इथल्या बऱ्याच जणांना माहिती असेल. पुरातत्त्वज्ञ साळींनी १९७० च्या दशकात तिथं उत्खनन केलं तेव्हाचे, आणि त्या कवचाचं वय कार्बनवरून २५,००० वर्षं असं आपण सगळीकडे वाचतो. पण ही कार्बनची वर्षं आहेत, कॅलेंडरची नाहीत. कॅलेंडरची केली की साधारण २९,००० होतात. चार हजार वर्षांचा फरक! आणि एवढ्या जुन्या काळासाठी हा फरक काढायची पहिली भक्कम सोय झाली ती कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटाजवळच्या मेलेल्या प्रवाळांमुळे. म्हणून हा धागा. समुद्र आपल्यापासून लांब असला तरी हा विषय लांबचा नाही असं मला मनापासून वाटतं.

कार्बन-१४ चं घड्याळ असं धरून चालतं की हवेतलं कार्बन-१४ कायम सारखंच होतं. ते तसं नव्हतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमजोर असलं की अवकाशातले किरण जास्त येतात आणि कार्बन-१४ जास्त तयार होतं, मग त्या काळातली वस्तू आहे त्यापेक्षा तरुण दिसते. हे दुरुस्त करायला झाडांची वलयं वापरतात पण वलयांची सलग साखळी १२ ते १४ हजार वर्षांवर संपते. त्याच्या मागे जायचं तर अशी वस्तू पाहिजे की जिच्यात कार्बन पण आहे आणि दुसरं एखादं स्वतंत्र घड्याळ पण आहे. प्रवाळात दोन्ही असतं.

दुसरं घड्याळ म्हणजे युरेनियम-थोरियम. समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलं असतं, थोरियम जवळपास विरघळतच नाही. प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातून चुना घेतं त्यासोबत थोडं युरेनियम पण आत जातं, एका ग्रॅममागे साधारण ३ मायक्रोग्रॅम, आणि थोरियम म्हणजे जवळजवळ शून्य. तिथून घड्याळ सुरू. युरेनियम-२३८ पासून युरेनियम-२३४ आणि त्यापासून थोरियम-२३० तयार होत जातं. थोरियम-२३० चं अर्धायुष्य (मोडून निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे ७५,६०० वर्षं, युरेनियम-२३४ चं सुमारे २,४५,००० वर्षं. आत किती थोरियम साठलं ते मोजलं की वय निघतं, साधारण पाच-सहा लाख वर्षांपर्यंत. कार्बन ५० हजारांपाशीच थांबतो.

१९८९ मध्ये फेअरबँक्स या शास्त्रज्ञांनी बार्बाडोससमोर समुद्रात बोअर मारून काढलेल्या प्रवाळांची कार्बनची वयं छापली, आणि १९९० मध्ये एदुआर बार आणि सहकाऱ्यांनी त्याच बोअरमधल्या प्रवाळांची युरेनियम-थोरियमची वयं काढली. वीसेक हजार वर्षांपाशी दोन्हींत साडेतीन हजार वर्षांपर्यंत तफावत निघाली. आज जी दुरुस्तीची वक्ररेषा जगभर वापरतात तिच्यात प्रवाळांसोबत गुहांमधले चुन्याचे खांब, तळ्यांमधला गाळ असं बरंच काही आलंय, पण सुरुवातीला वाट प्रवाळांनी दाखवली.

आणि त्याच बोअरनी अजून एक गोष्ट दिली, समुद्राची जुनी पातळी. त्याबद्दल कोणी विचारलं तर लिहितो, आधीच लांबलंय.

अमळनेरची

विचारलंच! पातळी कशी कळते? प्रवाळ जुनं आहे हे समजलं, पण ते पाण्यात किती खोल वाढत होतं हे मेलेल्या प्रवाळाला बघून कसं सांगणार?

तापीकाठ

ताई एकदम बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. सगळी प्रवाळं कामाची नाहीत. बार्बाडोसला वापरलं ते ॲक्रोपोरा पाल्माटा, जाड चपट्या फांद्यांचं, ते मुख्यतः वरच्या पाचेक मीटर पाण्यातच जोमानं वाढतं कारण त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाला ऊन लागतं आणि त्या जातीला लाटांचं खळबळतं पाणी पण मानवतं. म्हणजे आज १०० मीटर खोल हे प्रवाळ जागच्या जागी उभं सापडलं तर ते वाढत असताना पाण्याचा पृष्ठभाग त्याच्या थोडाच वर होता. उन्हाळ्यात विहीर आटल्यावर आतल्या दगडांवर पाण्याच्या जुन्या रेघा दिसतात ना तसंच, फक्त इथं प्रत्येक रेघेवर तारीख पण लिहिलेली आहे.

त्यावरून फेअरबँक्सनी काढलं की हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, म्हणजे साधारण २० हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आता इतर ठिकाणांचे अंदाज धरून १२० ते १३० च्या आसपास म्हणतात. एवढं पाणी कुठं होतं? उत्तर अमेरिका आणि युरोपच्या डोक्यावर बर्फ होऊन बसलं होतं, काही ठिकाणी तीन-तीन किलोमीटर जाड.

धुळेकर_भाऊ

भाऊ, मस्त लिखं शे. पन एक इचारस, आपला खान्देशमा समुद्र कधी उनाच नही का? आमच्याकडं म्हातारे म्हणायचे डोंगरात शंख सापडतात.

शहादेकर

खान्देशात म्हणाल तर वर सगळा काळा बेसाल्टच आहे, पण नर्मदेच्या पलीकडं सरका. माझी सासुरवाडी मनावरकडची, धार जिल्हा. तिथं बाग-मनावर भागात चुनखडीचे थर आहेत आणि त्यात शिंपले, समुद्री अर्चिन, अमोनाइट (नामशेष झालेले गुंडाळीच्या शंखाचे समुद्री जीव) मिळतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हा यायच्या खूप आधी, पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. माझ्याकडे त्या चुनखडीची एक फरशी आहे, लालसर पिवळी. ओली करून भिंगाखाली धरली की बारीक काड्या दिसतात, दोन-तीन मिलिमीटर जाड, काही इंग्रजी वाय आकारात फुटलेल्या आणि प्रत्येक काडीच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं ओळीनं. लोक याला प्रवाळाची चुनखडी म्हणतात, मी पण तेच ऐकत आलो.

माझा प्रश्न आता, हिचं वय या युरेनियम-थोरियमनं काढता येईल का?

तापीकाठ

शहादेकर, वर्णन इतकं नेमकं केलंत की फोटोची गरज नाही. त्या काड्या ब्रायोझोआच्या आहेत. बागच्या त्या थराला जुन्या भूवैज्ञानिकांनी प्रवाळी चुनखडी म्हटलं तरी त्यात भरणा ब्रायोझोआचा आहे, हे वेगळेच प्राणी, ते पण वसाहत करून राहतात आणि चुन्याचं घर बांधतात, प्रत्येक भोकात एक एक जीव. प्रवाळाशी त्यांचं जवळचं नातं नाही.

आणि नाही, हे घड्याळ तिथं चालणार नाही. सहाएक लाख वर्षांनंतर जेवढं थोरियम तयार होतं तेवढंच मोडतं, समतोल होतो, मग पाच कोटी काय आणि नऊ कोटी काय, सगळं सारखंच दिसतं. बागचं वय अमोनाइट आणि शिंपल्यांच्या जातींवरून ठरवलंय. कोणती जात कोणत्या काळात होती हे जगभर जुळवलेलं आहे.

धुळेकर भाऊ, डोंगरातल्या शंखांचं म्हणाल तर दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये मधे मधे तळ्याचा गाळ सापडतो त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख असतात. शंख दिसला म्हणजे समुद्रच होता असं नाही. तुमच्याकडचे बघितल्याशिवाय सांगणं बरोबर नाही, फोटो टाका.

लॅबवाला

मी मूळचा पारोळ्याचा, काही वर्षं बाहेरगावी एका लॅबमध्ये याच कामात होतो, म्हणून थोडं आतलं लिहितो. वर वाचून वाटेल की तुकडा घेतला आणि मशीनमध्ये टाकला, तसं नसतं. नव्वद टक्के जीव तुकडा निवडण्यात जातो.

प्रवाळाचा सांगाडा ॲरागोनाइटचा, म्हणजे चुन्याच्या एका स्फटिकरूपाचा असतो. समुद्र खाली गेला आणि प्रवाळ उघडं पडलं की त्यातून पावसाचं पाणी झिरपतं आणि ॲरागोनाइट विरघळून त्याच जागी कॅल्साइट, म्हणजे चुन्याचंच दुसरं स्फटिकरूप बसतं, आणि त्या भानगडीत युरेनियम आत-बाहेर होतं. झालं, घड्याळ बिघडलं. बाहेरून तुकडा पांढराशुभ्र दिसतो म्हणून भुलायचं नाही. हिऱ्याच्या करवतीनं पातळ काप काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, भिंतींच्या मूळच्या बारीक तंतूंची रचना शाबूत आहे का बघायचं, छिद्रांच्या आत चकाकणारे ठोकळेबाज स्फटिक भरलेले दिसले की तो भाग सोडायचा. मग क्ष-किरणांनी कॅल्साइट किती ते तपासायचं, एक-दोन टक्क्यांच्या वर गेलं की सरळ बाद. उरलेल्यातून दाताच्या डॉक्टरकडे असतं तसल्या ड्रिलनं स्वच्छ भाग कोरून घ्यायचा, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुवायचा, नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायचा, त्यात आधीच माहिती असलेलं कृत्रिम युरेनियम आणि थोरियम मोजून घालायचं म्हणजे नंतर गुणोत्तरावरून मूळचं किती ते कळतं, मग रेझिनच्या बारीक नळीतून युरेनियम वेगळं आणि थोरियम वेगळं करायचं, तेव्हा कुठं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारं मशीन.

आणि वय आलं तरी एक चाळणी राहतेच. समुद्राच्या पाण्यात युरेनियम-२३४ ची किरणोत्सारी सक्रियता २३८ पेक्षा साधारण साडेचौदा टक्के जास्त असते. प्रवाळात हे आधिक्य काळाप्रमाणे कमी होत जातं. निघालेलं वय घेऊन उलटा हिशोब करायचा, सुरुवातीला आधिक्य किती होतं? साडेचौदाच्या आसपास आलं तर ठीक. अठरा-वीस आलं तर बाहेरून काहीतरी शिरलंय, वय कितीही छान दिसो, वापरायचं नाही. मला या शास्त्रातली ही गोष्ट सगळ्यात आवडते, नमुना स्वतःच सांगतो माझ्यावर विश्वास ठेवू नका म्हणून.

भुसावळ_जंक्शन

लॅबवाला दादा हे वाचून खरंच समाधान वाटलं. नाहीतर लाख वर्षं लाख वर्षं ऐकून वाटायचं हे लोक आकडे टाकतात कसे. चूक किती धरतात साधारण?

लॅबवाला

आधी अणू फुटताना बाहेर पडणारे अल्फा कण मोजून करायचे तेव्हा सव्वा लाख वर्षांच्या नमुन्याला सहज कित्येक हजार वर्षांची चूक यायची आणि तुकडा पण मोठा लागायचा. १९८७ ला एडवर्ड्स, चेन आणि वासरबर्ग यांनी अणू फुटायची वाट बघण्याऐवजी थेट अणूच मोजले, मास स्पेक्ट्रोमीटरवर, तेव्हा तीच चूक हजारेक वर्षांवर आली. आता त्याहून कमी. वीसेक हजार वर्षांच्या चांगल्या नमुन्याला शंभर वर्षांच्या आत.

चोपडा_शिवार

एक शंका. समुद्र वर आला का जमीन खाली गेली हे कसं ठरवायचं? मी सिव्हिलवाला आहे, आमच्यात बेंचमार्क हलला की सगळं लेव्हलिंग वाया जातं. इथं तर बेटच हलत असेल.

तापीकाठ

हलतंच. बार्बाडोस हळूहळू वर येतंय, काही भागात हजार वर्षांना साधारण एक फूट. ताहिती ज्वालामुखीचं बेट, ते हजार वर्षांना पाव मीटर खाली जातंय. आणि पापुआ न्यू गिनीचा हुऑन द्वीपकल्प तर काही ठिकाणी हजार वर्षांना दोन-तीन मीटर वर उचलला जातोय, तिथं किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत प्रवाळांच्या पायऱ्याच पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरी म्हणजे समुद्र एकदा वर येऊन थांबला त्याची. चॅपेल यांनी त्या पायऱ्यांवर आयुष्य घातलं.

हिशोब असा करतात. सव्वा लाख वर्षांपूर्वी, मागच्या उबदार काळात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण ६ ते ९ मीटर वर होता, हे पश्चिम ऑस्ट्रेलियासारख्या स्थिर किनाऱ्यांवरून माहिती आहे. मग बार्बाडोसवर त्याच वयाची पायरी जेवढी वर सापडते त्यातून ते सहा-नऊ मीटर वजा करा, सव्वा लाखानं भागा, उचलण्याचा वेग आला. तो वेग बाकीच्या पायऱ्यांना लावा. यात गृहीत हे की वेग सारखा राहिला. म्हणून एकाच बेटावर विसंबत नाहीत, वर येणारं, खाली जाणारं, स्थिर, सगळ्यांची उत्तरं जुळली तरच मानतात.

अजून एक गुंता आहे तुमच्या बेंचमार्कसारखाच. बर्फाच्या वजनानं जमीन दबते आणि बर्फ गेला की पुन्हा उचलते, कॅनडातल्या हडसन उपसागराच्या भागात आजही उचलतेय. शिवाय एवढा मोठा बर्फ स्वतःकडे समुद्राचं पाणी ओढून धरतो. म्हणून बर्फापासून लांबची बेटं निवडतात.

बार्बाडोसच्याच उघड्या पायऱ्यांवरून १९६० च्या दशकात एक फार मोठी गोष्ट ठरली. तीन ठळक पायऱ्या, साधारण ८२, १०५ आणि १२५ हजार वर्षांच्या. मिलँकोविच नावाचा सर्बियन गणिती पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या हेलकाव्यांवरून उत्तर गोलार्धात ऊन कधी जास्त कधी कमी हे हातानं गणित करून मांडून गेला होता, आणि उन्हाचे तीन उंचवटे जवळपास याच काळात येत होते. तो १९५८ मध्ये वारला. त्याच्या हयातीत बरेच जण मानत नव्हते.

अमळनेरची

हे वाचून पोटात कालवलं. माणसाला कळायला हवं होतं.

सातपुडा_पायथा

मला एक प्रामाणिक प्रश्न आहे, वाद घालायचा नाही. समुद्र आधी १२० मीटर वाढला तेव्हा ना गाड्या होत्या ना कारखाने. मग आता वर्षाला तीन-चार मिलिमीटर वाढतोय त्याची एवढी चिंता का?

तापीकाठ

प्रश्न योग्यच आहे आणि उत्तर प्रवाळांकडेच आहे.

ती १२० मीटरची वाढ साधारण १९ हजार ते ७ हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान झाली, सरासरी वर्षाला एक सेंटिमीटर. पण सारखी नाही झाली. ताहितीला २००५ मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत बोअर मारले, त्यावर २०१२ मध्ये देशां आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सुमारे १४,६५० वर्षांपूर्वी साडेतीनशे वर्षांच्या आत समुद्र १४ ते १८ मीटर चढला. वर्षाला चार सेंटिमीटरच्या वर! एका माणसाच्या आयुष्यात दोन-तीन मीटर. म्हणजे बर्फ जायला लागला की कसा जाऊ शकतो हे आपल्याला माहिती आहे. तेव्हा बर्फ आजच्यापेक्षा खूप जास्त होता हे खरं, त्यामुळे तसंच्या तसं आता होईल असं मी म्हणत नाही.

पण सव्वा लाख वर्षांपूर्वीचं बघा. तेव्हा जग कारखाने यायच्या आधीच्या काळापेक्षा अर्धा ते दीड अंश उबदार होतं. फक्त एवढंच! आणि समुद्र ६ ते ९ मीटर वर. आपण आताच एक अंशाच्या पुढं गेलोय. समुद्राला तिथं पोचायला शेकडो-हजारो वर्षं लागतील, पण दिशा ती आहे. गेल्या सहा-सात हजार वर्षांत समुद्र जवळपास स्थिर होता आणि मुंबई, सुरत, कोलकाता सगळं त्या स्थिर पातळीच्या भरवशावर वसलेलं आहे. १९०१ ते २०१८ मध्ये २० सेंटिमीटर वाढला आणि वेग वाढतोय. तेव्हाची माणसं सामान उचलून मागे सरकली असतील, कोट्यवधींचं शहर उचलता येत नाही.

सातपुडा_पायथा

हे पटलं. धन्यवाद दादा.

चोपडा_शिवार

प्रवाळ एवढ्या वेगानं वाढू शकतं का पण? वर्षाला चार सेंटिमीटर?

लॅबवाला

फांद्यांची जात वर्षाला पाच-दहा सेंटिमीटर फांदी वाढवते पण मोडतोड धरून अख्खी प्रवाळभित्ती तेवढी चढत नाही, वर्षाला एखादा सेंटिमीटर चढली तरी खूप झालं. काही भित्ती पाण्याबरोबर चढतात, काही मागे पडून नंतर गाठतात, काही बुडून मरतात. तिन्ही प्रकार बोअरमध्ये दिसतात. बुडायला लागली की उथळ पाण्यातल्या जाती जाऊन वर खोल पाण्यातल्या येतात. आणि आता पाणी तापून प्रवाळ पांढरं पडतंय, १९९८, २०१६, पुन्हा २०२४, लक्षद्वीपला सुद्धा. आजारी प्रवाळ चढणार कसं?

भुसावळ_जंक्शन

मग समुद्र खाली असताना आपली तापी कुठं जात होती? आणि आमच्या इकडं तापीकाठी ज्या खोल घळी आहेत त्या त्यामुळेच का?

तापीकाठ

खंभातचं आखात उथळ आहे, वीस-तीस मीटर बहुतेक ठिकाणी, त्यामुळे ते तेव्हा कोरडी जमीन होती. तापी आजच्यासारखी सुरतजवळच्या डुमसपाशी संपत नव्हती, पुढं दोनशे-तीनशे किलोमीटर सपाटीवरून वाहत जाऊन समुद्राला मिळायची. पाटण्याला मणी घडवणाऱ्या माणसाच्या काळात पण समुद्र आजच्यापेक्षा कितीतरी खाली होता.

घळींचं मात्र सरळ त्याला जोडू नका. समुद्र खाली गेला की नदी खोल कापते हे खरं, पण पुढचा तळ सपाट असेल तर नदी नुसती लांब होते, कापत नाही, आणि कापलं तरी तो परिणाम शेकडो किलोमीटर वर भुसावळपर्यंत पोचेलच असं नाही. आपल्याकडच्या गाळाच्या घळींमागे पावसाच्या मानातले बदल आणि जमिनीच्या हालचाली पण आहेत.

अमळनेरची

शाळेत मुलांकडून पाटण्यावर तक्ता करून घ्यायचाय, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेल्या मठाचा शिलालेख आणि मणी दोन्ही. वय काय लिहू?

तापीकाठ

ताई दोन्ही लिहा. "कार्बन-१४ नुसार सुमारे २५,००० वर्षं, दुरुस्त केल्यावर सुमारे २९,००० वर्षं". आणि खाली बारीक अक्षरात लिहा की ही वर्षं १९५० पासून मागे मोजतात, जगभर तीच पद्धत आहे. मुलं विचारतील १९५० च का, तर त्या सुमाराला ही पद्धत सुरू झाली आणि नंतर अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ बिघडलं म्हणून. दुरुस्तीचं काम फुकट ऑनलाइन होतं, मूळ वय आणि त्याची चूक टाकायची, वक्ररेषा समोर येते. मोठ्या वर्गातल्या मुलांकडून स्वतः करून घ्या. फक्त एक बघा, समुद्रातल्या शिंपल्याला वेगळी वक्ररेषा असते कारण समुद्राचं पाणी आधीच चारेकशे वर्षं जुनं दिसतं, शहामृग जमिनीवरचा, त्याला जमिनीचीच लावायची.